शिडी

ही घे किल्ली, इया. उजवीकडे नाही, डावीकडे फिरव
आणि फिरवताना दार गुडघ्याने जरा ढकल.
चौदा वर्षांत मला नक्की कळलेली
एवढी एकच गोष्ट. बाकीचं सांगते ते अंदाजाने.

ही खोली म्हणजे रोपवेचं जुनं स्टेशन.
खाणीतली माणसं इथे पाळण्याची वाट बघायची,
डबा काखेत धरून.
बाकांवर अजून मँगनीजची काळी पूड बसते,
पुसली तरी सकाळी परत हजर.
कोरा कॅनव्हास झाकून ठेवत जा.

वर्गणी मार्चमध्ये माग.
जुंबेर पैसे देणारच नाही, मध देईल.
मधाची पावती कशी फाडतात ते मला जमलं नाही,
म्हणून वहीत त्याच्या नावापुढे लिहिलंय : गोड.
चौदा वेळा.

भिंतींवरून भांडणं होतील.
खिडकीशेजारची सगळ्यांना हवी,
संडासाच्या दाराजवळची कुणालाच नको.
पहिल्या वर्षी मी मोठेपणा मिरवत तिथे माझं चित्र टांगलं :
आईचे हात, अक्रोड फोडताना.
उद्घाटनाला दीडशे माणसं, आणि संडास एक.
रांगेत दुसरं करायला काही नव्हतं,
लोक आईच्या हातांकडे बघत राहिले.
एका ट्रकवाल्याने विचारलं,
डाव्या अंगठ्याला काय लागलं होतं त्यांच्या?
मला ठाऊक नव्हतं.
मी नुसतं बघून काढलं होतं, तिला कधी विचारलं नव्हतं.
पुढच्या वर्षी त्या भिंतीसाठी सात अर्ज.

मग ते मुलांच्या चित्रांचं झालं.
एथेरी म्हणाली, शाळेतल्या पोरांची लावू.
गुरामी म्हणाला, हे पाळणाघर नाही.
मी म्हणाले, मतदान घेऊ.
चूक माझी.
नऊ विरुद्ध आठ. प्रश्न सुटला
आणि माणसंही सुटली.
आठ जण उठले, आपापल्या खुर्च्या उचलून
पूल ओलांडून गेले, क्विरिलाच्या पलीकडे,
बंद पडलेल्या बेकरीत. गटाचं नाव आमचंच ठेवलं,
आधी फक्त 'नवा' जोडून.

शिडी मात्र इथे राहिली.
बारा पायऱ्यांची, लाकडी. उंच भिंतीला पुरेल अशी
गावात दुसरी नाही.
हिवाळ्यात गुरामी आला. उंबऱ्याबाहेरच थांबला.
"शिडी," म्हणाला. ना राम ना रहीम म्हणतात तसं,
आमच्याकडे त्याला गामार्जोबासुद्धा नाही म्हणायचं.
माझ्याकडे वाक्यं तयार होती,
आठ महिने घासूनपुसून ठेवलेली.
तोंडातून निघालं, "चौथी पायरी हलते."

तेव्हापासून वर्षातून चारदा शिडी पूल ओलांडते.
एकट्याने ती वळणावरून नेता येत नाही,
म्हणून एक टोक त्यांचं, एक आपलं.
"डावीकडे घे." "थांब, गाडी येतेय." "खाली टेकव, हात भरला."
एथेरी आणि गुरामी यांच्यात
दहा वर्षांत याहून जास्त बोलणं झालेलं नाही.
याहून कमीही नाही.

एका वसंतात शिडी परत आली तेव्हा
चौथी पायरी घट्ट होती, नव्या स्क्रूंची,
कडेला निळ्या रंगाचा बोटाचा ठसा.
कुणी केलं ते मी विचारलं नाही. तूही विचारू नको.
आता सातवी हलायला लागलीय.

मुलांची चित्रं? दोन वर्षं लावली.
मग पोरंच कंटाळली.

हं, वही या खणात, पाना आणि खिळे त्या मधाच्या बरणीत.
शिडी सध्या तिकडे आहे. शनिवारी आणायला जा.
परत येताना पुढचं टोक आपलं असतं.
मागच्याला पायाखालचं दिसत नाही, फक्त पायऱ्या दिसतात
आणि तुझी पाठ.
खड्डा आला की सांग,
मोठ्याने.